फिरत्या रंगभूमीपासून दूरचित्रवाणीपर्यंत : फेलिसिटी केंडल यांच्या अभिनय-कारकिर्दीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

इतिहासलेखनात करमणुकीच्या क्षेत्राला बराच काळ दुय्यम स्थान मिळाले. राज्यकर्ते, चळवळी, उत्पादनव्यवस्था यांच्या तुलनेत रंगमंच आणि पडदा हे विषय हलके समजले गेले. त्यातही दूरचित्रवाणीवरील अभिनेत्री हा विषय सहसा साप्ताहिकांच्या रंगीत पुरवण्यांकडे सोपविला जातो. वास्तविक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील ब्रिटिश समाज स्वतःकडे कसा पाहत होता, हे समजून घेण्यासाठी दूरचित्रवाणी हे एक महत्त्वाचे साधन आहे, आणि त्या साधनाचा सर्वांत ओळखीचा भाग म्हणजे त्यावरील चेहरे. असा एक चेहरा म्हणजे फेलिसिटी केंडल.

१९७५ ते १९७८ या काळात बी.बी.सी.वरून प्रसारित झालेल्या 'द गुड लाइफ' या विनोदी मालिकेतील बार्बरा गुड ही त्यांची भूमिका इतकी गाजली की पुढील अनेक वर्षे त्यांच्याविषयीचे लेखन याच भूमिकेपासून सुरू होऊन बहुधा तेथेच थांबत राहिले. लंडनच्या उपनगरातील एक हसतमुख, प्रेमळ, चिखलाने माखलेली गृहिणी ही त्यांची रूढ प्रतिमा. परंतु ज्या अभिनेत्रीने ही उपनगरी इंग्रज स्त्री साकारली, तिचे बालपण आणि तारुण्याचा आरंभ इंग्लंडच्या उपनगरात नव्हे, तर भारतातील रेल्वेगाड्या, शाळांची सभागृहे आणि संस्थानिकांचे राजवाडे यांत गेला होता. प्रस्तुत लेखात ही प्रतिमा आणि प्रत्यक्ष कारकीर्द यांतील अंतराचा विचार केला आहे. दूरचित्रवाणीने फेलिसिटी केंडल यांना कीर्ती दिली; मात्र ती देताना ज्या शिक्षणामुळे त्या घडल्या ते शिक्षणच दृष्टिआड केले, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. 'शेक्सपिअराना' : एका संपत आलेल्या परंपरेतील शिक्षण

फेलिसिटी यांचा जन्म २५ सप्टेंबर १९४६ रोजी इंग्लंडमधील वॉरिकशायर परगण्यातील ओल्टन येथे झाला. दुसऱ्या महायुद्धामुळे बंद पडलेली बी.बी.सी.ची दूरचित्रवाणी सेवा त्याच वर्षी जूनमध्ये पुन्हा सुरू झाली होती. हा निव्वळ योगायोग असला तरी त्यांच्या आयुष्याच्या संदर्भात तो सूचक आहे. त्यांचे आईवडील लॉरा लिडेल आणि जेफ्री केंडल हे दोघेही मात्र या नव्या माध्यमाच्या नव्हे, तर इंग्लंडमध्ये जवळजवळ संपुष्टात आलेल्या फिरत्या नाटक मंडळीच्या परंपरेतील नट होते. जेफ्री यांचे मूळ आडनाव ब्रॅग. आपल्या जन्मगावाचे, केंडलचे, नाव त्यांनी रंगभूमीसाठी घेतले.

युद्धकाळात सैनिकांच्या करमणुकीसाठी भारतात आलेल्या जेफ्री केंडल यांनी १९४७ मध्ये 'शेक्सपिअराना' ही आपली मंडळी घेऊन पुन्हा भारताचा दौरा केला आणि १९५३ पासून दीर्घकाळ हा देशच मंडळीची कर्मभूमी ठरला. नटच मालक, नटच दिग्दर्शक आणि कुटुंब हाच मंडळीचा गाभा ही तिची रचना होती. मराठी संगीत नाटक मंडळ्यांचा इतिहास ज्यांना परिचित आहे, त्यांना ही व्यवस्था परकी वाटणार नाही. शाळा, महाविद्यालये, क्लब आणि संस्थानिकांचे दरबार येथे शेक्सपिअरची, तसेच बर्नार्ड शॉ यांचीही नाटके होत. बंगाली रंगभूमीचे पुढील काळातील थोर नट व नाटककार उत्पल दत्त हे सुरुवातीला याच मंडळीत होते. शशी कपूर हेही पुढे तीत काम करू लागले आणि १९५८ मध्ये त्यांचा विवाह फेलिसिटी यांच्या थोरल्या भगिनी जेनिफर यांच्याशी झाला.

फेलिसिटी यांचे रंगमंचावरील पहिले आगमन नऊ महिन्यांच्या वयात, 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मधील पळवून आणलेल्या बालकाच्या रूपाने, कडेवरून झाले. त्यानंतर शालेय शिक्षण भारतातील निरनिराळ्या कॉन्व्हेंट शाळांत आणि खरे शिक्षण मंडळीच्या मुक्कामांवर, असा त्यांचा क्रम राहिला. कोणत्याही नाट्यविद्यालयात त्या गेल्या नाहीत. फिरत्या मंडळीतील नटाला अनेक नाटके एकाच वेळी मुखोद्गत ठेवावी लागतात, अपुऱ्या प्रकाशात आणि अनोळखी सभागृहात आवाज पोहोचवावा लागतो आणि इंग्रजी ही ज्याची मातृभाषा नाही अशा प्रेक्षकाला चेहऱ्यावरून व हालचालींवरून अर्थ समजावून द्यावा लागतो. या तिन्ही गोष्टींचा उपयोग पुढे कोठे झाला, हे पाहणे आवश्यक आहे.

२. 'शेक्सपिअर-वाला' : पडद्याने रंगभूमीवर केलेली मात

मंडळीच्या अखेरच्या काळाचे चित्रण १९६५ च्या 'शेक्सपिअर-वाला' या चित्रपटात आढळते. मुंबईत जन्मलेले इस्माईल मर्चंट हे त्याचे निर्माते, जेम्स आयव्हरी दिग्दर्शक, रूथ प्रॉवर झाबवाला पटकथालेखिका आणि सत्यजित राय संगीतकार. केंडल कुटुंबाच्या अनुभवांवर बेतलेल्या या कथेत जेफ्री आणि लॉरा यांनी बकिंगहॅम दांपत्याची, तर फेलिसिटी यांनी त्यांच्या लिझी या मुलीची भूमिका केली. उत्पल दत्त यांनी या चित्रपटात महाराजाची भूमिका केली, तर शशी कपूर यांनी लिझीच्या प्रियकराची.

चित्रपटातील एक प्रसंग ऐतिहासिकदृष्ट्या विशेष बोलका आहे. 'ऑथेल्लो'चा प्रयोग ऐन रंगात असताना मंजुला ही हिंदी चित्रपटतारका प्रेक्षागृहात येते. प्रेक्षकांच्या माना रंगमंचाकडून तिच्याकडे वळतात आणि प्रयोगाचा भंग होतो. मंजुलाच्या भूमिकेसाठी मधुर जाफरी यांना त्या वर्षीच्या बर्लिन महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. संस्थानिकांचा आश्रय आटला होता, इंग्रजी सत्तेबरोबर आलेली इंग्रजी नाटकाची प्रतिष्ठा ओसरत होती आणि लोकरंजनाचे केंद्र चित्रपटाकडे सरकले होते. हे सर्व या एका प्रसंगात एकवटले आहे. अखेरीस लिझी इंग्लंडकडे जाणाऱ्या जहाजावर चढते. प्रत्यक्ष आयुष्यात फेलिसिटी यांनीही इंग्लंडची वाट धरली. पुढील काळात त्यांची स्वतःची स्थिती लिझी आणि मंजुला या दोघींसारखी होणार होती, हे त्या वेळी कोणालाही सांगता आले नसते.

३. लंडनमधील दशक

इंग्लंडमध्ये त्यांना ओळख निर्माण करण्यास सुमारे दहा वर्षे लागली. १९६६ मध्ये बी.बी.सी.च्या 'द वेन्सडे प्ले' या नाट्यमालेतील 'द मेफ्लाय अँड द फ्रॉग' या नाटकात त्यांनी जॉन गिलगुड यांच्यासमवेत काम केले. १९६७ मध्ये 'मायनर मर्डर' या नाटकाद्वारे लंडनच्या व्यावसायिक रंगभूमीवर प्रवेश झाला. त्यानंतर दूरचित्रवाणीवरील एकेका भागातील भूमिका आणि रंगमंच यांत त्यांचा काळ गेला. १९७४ मध्ये ॲलन एकबर्न यांच्या 'द नॉर्मन कॉन्क्वेस्ट्स' या नाट्यत्रयीत त्यांनी ॲनीची भूमिका केली. पेनेलोपी कीथ याही त्याच नाट्यत्रयीत होत्या. या कामामुळेच दोघींचीही 'द गुड लाइफ'साठी निवड झाली. म्हणजेच दूरचित्रवाणीच्या यशाचा दरवाजा रंगमंचाने उघडला, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे.

४. 'द गुड लाइफ' : मालिका आणि तिचा काळ

जॉन एस्मंड आणि बॉब लार्बी या लेखकद्वयाची ही मालिका ४ एप्रिल १९७५ रोजी सुरू झाली. प्लास्टिकच्या लहान खेळण्यांचे आराखडे करणारा टॉम गुड चाळिसाव्या वाढदिवशी नोकरी सोडतो. सर्बिटन या सुखवस्तू उपनगरातील घराच्या अंगणात भाजीपाला पिकवून, डुकरे, कोंबड्या आणि शेळी पाळून तो व त्याची पत्नी बार्बरा स्वावलंबी जीवन जगू पाहतात. शेजारी राहणारे मार्गो व जेरी लेडबेटर हे दांपत्य प्रतिष्ठित मध्यमवर्गाचे प्रतिनिधी. रिचर्ड ब्रायर्स, फेलिसिटी केंडल, पेनेलोपी कीथ आणि पॉल एडिंग्टन या चौघांभोवतीच कथा फिरते. प्रत्येकी सात भागांची चार पर्वे आणि दोन विशेष भाग मिळून एकूण ३० भाग झाले. त्यांपैकी अखेरचा भाग १९७८ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या उपस्थितीत चित्रित झाला.

मालिकेच्या लोकप्रियतेची कारणे तत्कालीन परिस्थितीत शोधावी लागतात. १९७३ च्या तेलसंकटानंतर आणि खाणकामगारांच्या संघर्षामुळे १९७४ च्या आरंभी ब्रिटनमध्ये उद्योगांना आठवड्यातून तीनच दिवस वीज देण्याची वेळ आली. १९७५ मध्ये चलनवाढीचा दर सुमारे २४ टक्क्यांवर पोहोचला. शूमाखर यांचे 'स्मॉल इज ब्यूटिफुल' १९७३ मध्ये आणि जॉन सेमूर यांचा स्वावलंबनावरील प्रसिद्ध ग्रंथ १९७६ मध्ये प्रकाशित झाला. नोकरी, पगार आणि उपभोग यांवर उभी असलेली जीवनपद्धती डळमळीत होत असताना तिच्यातून बाहेर पडण्याचे स्वप्न ही मालिका विनोदाच्या आवरणात दाखवीत होती. शिवाय त्या वेळी ब्रिटनमध्ये तीनच वाहिन्या होत्या. त्यामुळे एखादी लोकप्रिय मालिका ही साऱ्या समाजाची सामाईक स्मृती बनत असे.

स्त्रियांच्या दृष्टीने पाहता बार्बराची व्यक्तिरेखा द्विधा आहे. समान वेतनाचा कायदा आणि लिंगाधारित भेदभावास प्रतिबंध करणारा कायदा हे दोन्ही ब्रिटनमध्ये १९७५ च्या डिसेंबरअखेर अमलात आले. त्याच वर्षी पडद्यावर आलेली बार्बरा मात्र पतीने घेतलेल्या निर्णयाला संमती देऊन त्याच्या प्रयोगात सहभागी होणारी पत्नी आहे. स्वप्न टॉमचे आणि त्याची दैनंदिन झळ बार्बराला, अशी टीका करता येते व ती अप्रस्तुत नाही. तथापि संहितेतील ही मर्यादा अभिनयाने बरीच ओलांडली. टॉमच्या अतिउत्साहाला मिळणारा तिचा थंड प्रतिसाद, थकव्याचा क्षण, चांगले कपडे घालण्याची दडपलेली इच्छा या गोष्टी फेलिसिटी यांनी संवादांपेक्षा नजरेतून आणि विरामांतून मांडल्या. चौथ्या पर्वाच्या अखेरीस समाजकंटक घरात शिरून नासधूस करतात, त्या भागात हास्याखाली दडलेला हा ताण उघडच पृष्ठभागावर येतो.

येथे निर्मितीपद्धतीचाही विचार केला पाहिजे. त्या काळातील बी.बी.सी.ची विनोदी मालिका साधारणतः आठवडाभराच्या तालमीनंतर एका संध्याकाळी, स्टुडिओत बसलेल्या प्रेक्षकांसमोर, अनेक कॅमेऱ्यांनी चित्रित होत असे. दर आठवड्याला नवी संहिता, अल्प तालीम, समोर जिवंत प्रेक्षक आणि हशाची लय सांभाळत पुढील वाक्य उच्चारण्याचे कौशल्य, हे सर्व फिरत्या मंडळीच्या कार्यपद्धतीशी विलक्षण जुळणारे होते. नव्या माध्यमाला जे हवे होते ते एका जुन्या, मोडकळीस आलेल्या व्यवस्थेने या अभिनेत्रीला आधीच देऊन ठेवले होते. प्रेक्षकांना मात्र दिसली ती 'सहज', 'स्वाभाविक' बार्बरा. अभिनयातील सहजता जितकी अधिक, तितके तिच्यामागील श्रम अदृश्य. दूरचित्रवाणीवरील अभिनेत्रींच्या मूल्यमापनातील ही मूलभूत अडचण आहे.

५. प्रतिमेचे ओझे

मालिका संपल्यानंतरच्या काही वर्षांतील नोंदी शेजारी शेजारी ठेवल्यास हा विरोध स्पष्ट होतो. १९७८ मध्ये केन रसेल यांच्या दूरचित्रपटात त्यांनी डोरोथी वर्ड्सवर्थची भूमिका केली. १९७९ मध्ये नॅशनल थिएटरमध्ये पीटर शॅफर यांच्या 'अमेडियस'च्या पहिल्या निर्मितीत पॉल स्कोफिल्ड आणि सायमन कॅलो यांच्यासमवेत त्या कॉन्स्टान्झ होत्या. १९८० मध्ये बी.बी.सी.च्या शेक्सपिअर नाट्यमालेतील 'ट्वेल्फ्थ नाइट'मध्ये त्यांनी व्हायोला साकारली. भारतातील शाळांच्या सभागृहांत आत्मसात केलेला शेक्सपिअर अशा रीतीने दूरचित्रवाणीच्या पडद्यावर पोहोचला. आणि १९८१ मध्ये? त्या वर्षी त्यांना 'रिअर ऑफ द इयर' हा, स्त्रीच्या पाठमोऱ्या देहाच्या आकर्षकतेसाठी दिला जाणारा, प्रसिद्धीमूलक किताब मिळाला. एकाच अभिनेत्रीच्या संदर्भात या नोंदी दोन-तीन वर्षांच्या अंतराने आढळतात. लोकप्रिय प्रसिद्धीयंत्रणेने यांपैकी कशाला अधिक जागा दिली असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

प्रतिमेच्या बळाचा आणखी एक पुरावा विरोधी बाजूने मिळतो. १९८४ मध्ये 'द यंग वन्स' या बंडखोर विनोदी मालिकेच्या एका भागात 'द गुड लाइफ'च्या शीर्षकदृश्याची अक्षरशः फाडाफाड करून त्या मालिकेच्या गोडगुलाबीपणावर कठोर हल्ला चढविण्यात आला. नव्या पिढीच्या दृष्टीने फेलिसिटी केंडल हे नाव आता एका व्यक्तीचे नव्हे, तर मध्यमवर्गीय सुखाचे प्रतीक झाले होते.

स्वतः अभिनेत्रीने या चौकटीतून बाहेर पडण्याचा प्रयत्न केला, हे तिच्या भूमिकांच्या निवडीवरून दिसते. कार्ला लेन यांनी लिहिलेल्या 'सोलो' (१९८१-८२) या मालिकेत त्यांनी प्रतारणा करणाऱ्या प्रियकराला घराबाहेर काढून, नोकरीही सोडून एकटीने उभी राहणारी तीस वर्षांची जेमा साकारली. त्याच लेखिकेच्या 'द मिस्ट्रेस' (१९८५-८७) मध्ये त्या विवाहित पुरुषाशी संबंध असलेल्या फूलविक्रेतीच्या भूमिकेत होत्या. बार्बराच्या निष्ठावंत गृहिणीपणाला या दोन्ही व्यक्तिरेखा छेद देतात. १९९२ मध्ये पीटर हॉल दिग्दर्शित 'द कॅमोमाइल लॉन'मधील हेलेना ही आणखी गुंतागुंतीची भूमिका होती. प्रत्येक प्रयत्न यशस्वी झाला असे नाही. 'हनी फॉर टी' (१९९४) ही मालिका एकाच पर्वानंतर संपली. 'रोझमेरी अँड थाइम' (२००३ पासून तीन पर्वे) या आय.टी.व्ही.वरील रहस्यमालिकेत त्यांनी पॅम फेरिस यांच्यासमवेत काम केले. त्यातील रोझमेरी ही विद्यापीठातील अध्यापनाची नोकरी गमावलेली वनस्पतिरोगतज्ज्ञ आहे. पंचविसाहून अधिक वर्षांनी दूरचित्रवाणीने त्यांना पुन्हा बागेत आणले; पण या वेळी पतीच्या स्वप्नातील भागीदार म्हणून नव्हे, तर स्वतःच्या ज्ञानावर जगणारी प्रौढ स्त्री म्हणून.

६. भारताचे स्थान

१९८० च्या दशकात ब्रिटिश पडद्यावर भारतातील इंग्रजी राजवटीच्या स्मरणरंजनाची लाट आली. १९८४ मधील ग्रॅनडा दूरचित्रवाणीची 'द ज्युएल इन द क्राउन' ही १४ भागांची मालिका तिचे ठळक उदाहरण. ज्या अभिनेत्रीने स्वातंत्र्योत्तर भारतात आपले घडणीचे वय घालविले, ती या मालिकेत नव्हती. निवडीमागील कारणांचा तर्क करण्याचे प्रयोजन नाही. परंतु पडद्यावरील 'भारत' हा निवृत्त साम्राज्याच्या आठवणींचा होता आणि केंडल कुटुंबाचा भारत हा तिकीटविक्रीवर जगणाऱ्या नटांचा होता, हा फरक ध्यानात घेतला पाहिजे.

त्यांच्या भारतीय अनुभवाला इंग्रजी साहित्यात वाव मिळाला तो दूरचित्रवाणीवर नव्हे, तर नभोवाणी आणि रंगमंचावर. टॉम स्टॉपर्ड यांच्या 'इन द नेटिव्ह स्टेट' (१९९१) या बी.बी.सी. नभोनाट्यात आणि त्यावरून सिद्ध झालेल्या 'इंडियन इंक' (१९९५) या नाटकात त्यांनी फ्लोरा क्रू या भारतात आलेल्या इंग्रज कवयित्रीची भूमिका केली. त्याआधी स्टॉपर्ड यांच्याच 'द रिअल थिंग' (१९८२) आणि 'आर्केडिया' (१९९३) यांतही त्या प्रमुख भूमिकांत होत्या. १९९५ मध्ये त्यांना सी.बी.ई. हा सन्मान मिळाला. १९९८ मध्ये प्रकाशित झालेल्या 'व्हाइट कार्गो' या आत्मकथनात त्यांनी मंडळीबरोबरचे दिवस नोंदविले. त्याच वर्षी जेफ्री केंडल यांचे निधन झाले. २०१२ मध्ये भारतातील शेक्सपिअरचा शोध घेणारा माहितीपट त्यांनी बी.बी.सी.साठी सादर केला. वयाच्या पासष्टीत दूरचित्रवाणीनेच अखेर त्यांच्या पूर्वायुष्याची दखल घेतली, असे म्हणता येईल.

दरम्यान, मंडळीचा दुसरा धागा मुंबईत रुजला होता. १९७८ मध्ये, म्हणजे 'द गुड लाइफ' संपली त्याच वर्षी, जेनिफर आणि शशी कपूर यांनी जुहू येथे पृथ्वी थिएटर सुरू केले. एक बहीण दूरचित्रवाणीच्या शिखरावर असताना दुसरी रंगभूमीसाठी वास्तू उभारीत होती. १९८४ मध्ये जेनिफर यांचे अकाली निधन झाले. पृथ्वी थिएटर मात्र टिकून राहिले. दोघींची वाट वेगळी असली तरी मूळ एकच होते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून तीन निष्कर्ष हाती येतात. पहिला, फेलिसिटी केंडल यांचे दूरचित्रवाणीवरील यश ही अकस्मात घडलेली गोष्ट नसून एका लोप पावत चाललेल्या रंगपरंपरेतील शिक्षणाचे ते नव्या माध्यमातील फलित होते. दुसरा, ज्या लोकप्रियतेने त्यांना घराघरांत नेले, तिनेच त्यांच्या पुढील कामाकडे पाहण्याची दृष्टी संकुचित केली. पडद्यावरील चेहऱ्यासाठी रंगमंचाकडे पाठ फिरविणारा 'शेक्सपिअर-वाला'मधील प्रेक्षक त्यांना लिझी म्हणून एकदा भेटला आणि स्वतः पडद्यावरील चेहरा झाल्यावर पुन्हा भेटला. तिसरा निष्कर्ष साधनांविषयीचा आहे. दूरचित्रवाणीच्या पहिल्या दशकांतील असंख्य ध्वनिचित्रफिती पुसून पुन्हा वापरण्यात आल्या, तर गाजलेल्या मालिका पुनःपुन्हा प्रक्षेपित झाल्या. त्यामुळे जे वारंवार दिसते तेच महत्त्वाचे, असा भ्रम निर्माण होतो. इतिहासकाराने त्यापासून सावध राहावयास हवे.

फिरत्या मंडळीच्या प्रयोगांचे चित्रमुद्रण झाले नाही. त्यांचा माग लागलाच तर तो जुनी निमंत्रणपत्रे, स्थानिक वृत्तपत्रांतील चार ओळी आणि शाळा-महाविद्यालयांच्या वार्षिकांतील वृत्तांत यांतूनच लागेल. अशी वार्षिके आपल्या अनेक ग्रंथालयांत धूळ खात पडली आहेत आणि जागेच्या अडचणीमुळे दरवर्षी काही रद्दीत जातात. इंग्लंडमधील एका अभिनेत्रीच्या घडणीचा अर्धा पुरावा भारतातील अशा कागदांत असू शकतो, ही जाणीव ती रद्दी बाहेर काढण्यापूर्वी एकदा चाळून पाहण्यास पुरेशी ठरावी.